किसनच्या पापण्यांवरचा भुसा

प्रिय बाबा,

काल घाटकोपरहून विमलताई आपल्या मुलुंडच्या घरी येऊन गेल्या. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत, पण त्यांच्या वडिलांना चांगलं ओळखत होतात! आता हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेल का? तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून कागदावर सांगतेय.

सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातेय. माळा रिकामा करताना पातेल्यांच्या मागे तुमचा अल्बम निघाला. लग्नाआधी तुम्ही मेळघाटच्या डोंगरात आरागिरणीवर कारकून होतात, तेव्हाचे फोटो. साखळीनं सागाचे ओंडके ओढणारे बैल, फळ्यांच्या थप्प्या, चुलीभोवती बसलेली माणसं. प्रत्येक फोटोमागे तुमच्या बारीक अक्षरात नावं. बैलांचीसुद्धा!

तो अल्बम माळ्यावर का गेला, हे आपल्या दोघांनाच माहीत ना?

मी तेव्हा कॉलेजात होते. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात झाडं ओळखत हिंडायचे, म्हणजे जंगल वाचवायचा मक्ता माझ्याकडेच! घरी मैत्रिणी आल्या, तर तुम्ही हौसेनं अल्बम उघडलात. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, जंगल कापल्याचे फोटो काय दाखवता? लाज नाही वाटत?"

तुम्ही अल्बम मिटलात. "चहा घेणार का गं मुलींनो?" एवढंच विचारलंत. का ओरडला नाहीत हो माझ्यावर? एकदा तरी म्हणायचं होतंत, "गप बस मंजू, आधी ऐकून तर घे."

मी माफी मागायला हवी होती. आज मागू, उद्या मागू करत राहिले, आणि तुम्हीही तो विषय पुन्हा काढला नाहीत.

गेल्या आठवड्यात तुमच्या नातीनं, रुचानं, सगळे फोटो स्कॅन करून फेसबुकवर टाकले, मागच्या नावांसकट. चौथ्या दिवशी फोन आला. "तो खालचा माणूस माझा बाप आहे, बाई. येऊ का बघायला?"

त्या विमलताई. पालिकेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. काल आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. "आधी फोटो दाखवा."

गिरणीत न मावणारा एक जाडजूड ओंडका दोन माणसं हातकरवतीनं चिरताहेत, तो फोटो. एक ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. खालचा नेमका तुमच्याकडे बघून हसलाय. पापण्या भुशानं पांढऱ्या. मागे तुम्ही लिहिलंय, "वर रामा, खाली किसन. प्रत द्यायची."

विमलताईंनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाल्या, "घरी आला की आई आधी पदरानं त्याचे डोळे पुसायची. मगच भाकरी."

"तुमच्याकडे त्यांचा दुसरा फोटो आहे?" मी विचारलं.

"कुठला? मी अकरा वर्षांची असताना गेला. भिंतीवर आईचा फोटो आहे, शेजारी नुसता खिळा." मग हसून म्हणाल्या, "पण तो सांगायचा ना, गिरणीतल्या बाबूनं माझा फोटो काढलाय, देणार म्हणालाय. आम्हाला वाटायचं, थापा मारतोय!"

बाबा, नोकरी सोडून मुंबईला आलात तेव्हा पत्ता हरवला का त्यांचा? की शोधणार होतात, आणि मी मध्येच तो अल्बम बंद करायला लावला? आता कोण सांगणार!

मी त्यांना माझं ते बोलणंही सांगून टाकलं. वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "चुकीचं काय बोललीस? डोंगर बोडका झालाच की. बापच सांगायचा आईला, हिला शाळेत घाल, हिच्या हातात करवत नको." खरं सांगू? बुंधे बघून मला अजूनही गलबलतं. पण तेव्हा मला फक्त बुंधेच दिसले होते.

अस्सल फोटोच दिला मी त्यांना. रागावला नाहीत ना? त्यांनी तो पिशवीतल्या साडीच्या घडीत ठेवला, मग दोन कप चहा प्यायल्या आणि जाईपर्यंत तुमच्याबद्दल विचारत राहिल्या. तुम्हाला आलं घातलेला चहा आवडायचा, तुम्ही बेसूर गायचात, सगळं सांगितलं. किती दिवसांनी तुमच्याबद्दल इतकी भरभरून बोलले! फार बरं वाटलं, बाबा.

अजून बावीस फोटो आहेत. विमलताईंचा चुलतभाऊ मेळघाटाजवळ परतवाड्याला असतो, तिकडच्या जुन्या माणसांना ओळखतो. दिवाळीनंतर आम्ही दोघी जाणार आहोत. तिकिटं काढलीत, प्रती तयार आहेत. रामाचं कुणी सापडेल, नाहीतर नाही. पण जे भेटतील, त्यांच्या हातात त्यांचं माणूस देईन आणि ते सांगतील तेवढं सगळं ऐकून घेईन. शब्द देते.

तुमची,
मंजू