गुलाबांतले टोमॅटो

१४ मे
गुलाबांच्या वाफ्यात टोमॅटो! सव्वीस रोपं. नगरपालिकेचे गेरासिमोव साहेब कमरेवर हात ठेवून उभे. "स्तोयनाबाई, बागेत कोशिंबीर करायचीय का?"
म्हटलं, "कुणीतरी लावली असतील. मला काय विचारता?"
"सत्तर घरांचा ओला कचरा कुजवून इथं घालायचं खूळ तुमचं! ढीग नीट तापला असता तर एक बी जगलं नसतं. तपासणी लावतो. दोष निघाला की ढीग बंद, पोत्यातली माती विकत आणू."
आणून दाखवाच!

१५ मे
उपटा म्हणाले. नाही उपटली.

१७ मे
इथे खरं लिहायला हरकत नाही. ढीग तापलाच नव्हता. सप्टेंबरात अख्ख्या गल्लीनं एकाच आठवड्यात ल्युतेनित्साची चटणी शिजवली, आणि मिरच्या-टोमॅटोच्या सालींच्या बादल्याच्या बादल्या माझ्या ढिगावर. नुसता चिखल! कोरडा पाला मिसळून चार वेळा उलथायला हवा होता. मी एकदाच उलथला. वीस वर्षांचा अनुभव ना मला!
पण म्हणून ढीगच बंद? या खतामुळे इथे गांडुळं दिसायला लागली. एक वर्ष चुकलं, एवढंच.

२० मे
तपासणी. निम्मी गल्ली जमलेली. मी छातीठोकपणे – "कुणीतरी लावलीत."
साहेब म्हणाले, "अशी वेडीवाकडी? लावणारा पिऊन आला होता काय?" सगळे हसले. माझी कानशिलं तापली.
तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गीनकाआजी काठी आपटत पुढे. "मी लावली! हात थरथरतात माझे. काय करणार आहेस रे पोरा?"
साहेबांनी आजींचं नाव लिहून घेतलं. ढीग वाचला!
आजींना चपलेचा पट्टासुद्धा वाकून लावता येत नाही.

२३ मे
बागेच्या फाटकावर नगरपालिकेचा कागद. गीनका टोनेवा यांनी सार्वजनिक बागेची नासधूस केली, सबब ताकीद. आजी खिडकीतून ओरडल्या, "नाव छापून यायला चौऱ्याऐंशी वर्षं लागली गं!" हसल्या. पण आज खाली रोजच्या बाकावर आल्या नाहीत.

२६ मे
तीन दिवस झाले, आजी खाली आलेल्या नाहीत. फाटकावरचा कागद फाडून साहेबांच्या टेबलावर ठेवला. सांगितलं – आजी खोटं बोलल्या, मीही. ढीग मी बिघडवला. माझं नाव लावा!
"उद्या गाडी पाठवतो," म्हणाले. पाठवा.

२७ मे
ढीग नेला. आजी खाली येऊन बाकावर बसल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "खोटं माझं होतं. ते मागे घेणारी तू कोण?"