याच चौकटीत थांब

सोमवार, ३ तारीख

आता मला सांगा, फरशी पुसणाऱ्या बाईने रोजनिशी कशाला लिहायची? फरशी पुसली की दिसते. नाही पुसली तर तेही दिसतं. त्यात लिहायचं काय? पण मोठे साहेब म्हणाले, इथे प्रत्येकजण दिवसभरात काय केलं ते वहीत लिहितो, मीही लिहितो, तुम्हीही लिहा. मी म्हटलं, साहेब, चौथीनंतर मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. तर म्हणे, चौथीतली अक्षरं पुरतात. वही हातात कोंबली आणि गेले. आता ते कामासाठी बाहेरगावी. म्हणजे वाचणारही कुणी नाही. पुठ्ठा मात्र चांगला जाड आहे.

बाकी जागा झकास. दुसरा मजला, एकच लांब खोली, दारापासून खिडकीपर्यंत माझी बारा पावलं. नळाला पाणी धो धो. नवी कोरी बादली. दहा वर्षं इस्पितळाचे जिने पुसले, तिथे लोक माझ्या हातावर पाय देऊन जायचे. इथे काम करणारी दोघंच, मी आत आले तर दोघंही खुर्चीतून उठले आणि या मावशी म्हणाले. मी जरा गडबडलेच. घरी जाऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, दोन दिवस थांब, मग उठतात का बघ.

मंगळवार, ४ तारीख

आजही उठले. ह्यांना सांगितलं.

दोघांचं काम आता समजलं. संगणकावरचं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात चित्रं, आवाज, हलती माणसं जोडून लोक मुलांचे धडे बनवतात, खेळ बनवतात, दुकानांतल्या पडद्यावरच्या जाहिराती बनवतात. असे बनवणारे हजारो लोक, कुठे कुठे पसरलेले. त्यांचं काही अडलं की ते इथे लिहितात. अडलेल्या गोष्टीला तिकीट म्हणतात. आमच्या ह्यांनी तीस वर्षं बस चालवली, ते म्हणाले, काय दिवस आले, तक्रार करायलाही तिकीट.

चष्मा लावणारा आहे तो तिकिटांना उत्तरं देतो. त्याला मी चष्मेवालाच म्हणते, त्याला राग नाही. दुसरी बातमीवाली. दर सोमवारी ती त्या सगळ्या लोकांना बातमीपत्र पाठवते, नवीन काय आलं, काय दुरुस्त झालं, कोणता तयार नमुना आपल्या मशीनवर उतरवून घ्या.

चष्मेवाल्याची उत्तरं तीनच. सुटलं. बघतोय. आणि तिसरं, असंच अपेक्षित आहे. हे तिसरं मला कळेना. तो म्हणाला, मावशी, लोक बोंबलतात बिघडलंय म्हणून, पण ते बिघडलेलं नसतं, जसं बनवलं तसंच वागत असतं. मग असंच अपेक्षित आहे असं लिहायचं आणि तिकीट बंद. मी म्हटलं, बाबा, आमच्या घरमालकाच्या कानावर हे घालू नकोस, छत गळतंय म्हणून चार वर्षं त्याच्या मागे आहे. बातमीवाली टेबलावर डोकं ठेवून हसली.

गुरुवार, ६ तारीख

आज माझे फोटो काढले. लग्नातसुद्धा एवढे निघाले नव्हते.

नव्या नमुन्यात चालणारं माणूस हवं होतं. चष्मेवाला म्हणाला, मावशींसारखं ठाम कुणी चालत नाही. भिंतीला हिरवी चादर लावली. डाव्या हातात बादली, उजव्यात पुसणं, आणि चाला. एकेक पाऊल टाकून थांबायचं, फोटो, पुढचं पाऊल. चोवीस फोटो. मग माईक तोंडाशी धरला आणि म्हणाला, रोज म्हणता तेच म्हणा. मी म्हटलं, सरका, फरशी ओली आहे. एकदाच म्हटलं. म्हणाला, बस्स, एकदम खणखणीत.

मग पडद्यावर दाखवलं. मीच. दारातून येते, खिडकीपर्यंत जाते, वळते, बोलते, परत. साडीचा काठसुद्धा हलतो. तो म्हणाला, चित्र आपोआप एका चौकटीतून पुढच्या चौकटीत पळतं. मध्येच अडवायचं असेल तर त्या चौकटीत एक ओळ लिहायची, याच चौकटीत थांब. मग माणूस हलतं, बोलतं, पण तिथून पुढे सरकत नाही. त्याला बाहेर काढायला एक बटण ठेवावं लागतं. मी विचारलं, आणि नाही ठेवलं तर? म्हणाला, मग बसा फेऱ्या मारत.

शनिवारी ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. एक डोळा गेलाच आहे, हा उरलेला. उद्या आणि परवा सुट्टी घेतली.

सोमवार, १० तारीख

ऑपरेशन नीट झालं. पट्टी आहे. डॉक्टरांनी बजावलंय, दिवसातून तीनदा थेंब, डोळा मिटलेलाच ठेवून पापणी जराशी ओढायची, थेंब टाकायचा, पट्टी परत. येत्या शनिवारी ते स्वतः पट्टी काढतील. थेंब चुकले तर डोळा गेला म्हणून समजा, असं तोंडावर सांगितलं. ह्यांचे हात थरथरतात, त्यांना जमत नाही. घर दहा मिनिटांवर, दुपारी पळत जाऊन टाकून येते. हे कटकट करतात की बाटली थंड आहे. करू देत.

आज बातमीपत्र गेलं. नमुना अकराशे लोकांनी उतरवून घेतला. दुपारी पहिलं तिकीट आलं, नमुन्यातली बाई बाहेरच जात नाही. मग दुसरं, मग दहा. चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. थांबायची ओळ लिहिली, पण घाईघाईत बटण ठेवायचंच राहिलं. बातमीवाली म्हणाली, आता? तो म्हणाला, आता काय, लोकांच्या मशीनवर गेलंय, परत कसं आणू? आणि सगळ्यांना टाकलं, असंच अपेक्षित आहे.

पाय फार दुखतात. एवढं कुठे चालले?

मंगळवार, ११ तारीख

नीट लिहिते, कारण मला स्वतःलाच नीट कळायला हवं.

सकाळी आले तर फरशी ओली. मी अजून बादली भरलीही नव्हती. मग डबा उघडला, पहिला घास हातात, आणि पुढच्या क्षणी मी खिडकीशी. हातात बादली. तोंडातून शब्द निघून गेलेले, समोर कुणी नाही. बातमीवालीने वर बघून सॉरी म्हटलं आणि पाय उचलले. असं पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी बारा पावलं. मला वाटलं रक्तदाब असेल.

दुपारी घरी जाऊन थेंब टाकले. रस्त्यात दोनदा हाताला बादलीचं ओझं जाणवलं. बघितलं तर हात रिकामा.

पाच वाजता निघाले. दार उघडलं, जिना उतरायला पाय टाकला, आणि मी खोलीत. परत उघडलं. परत खोलीत. सात वेळा. मी दार ओढून, डोळे मिटून, पाठमोरी होऊनसुद्धा बघितलं. दाराबाहेर टाकलेलं पाऊल दाराच्या आत पडतं.

ओरडले. दोघं बॅगा भरत होते. बघितलंसुद्धा नाही. बातमीवाली म्हणाली, मावशी गेल्या वाटतं. तो म्हणाला, आत्ताच गेल्या, बादली घेऊनच उतरल्या जिना, घरी काय करणार आहेत बादलीचं? दोघं हसत माझ्या अंगावरून गेले. अंगावरून म्हणजे अंगातून, आरपार. मला लागलं नाही.

मी तर इथे आहे. मग जिना उतरलं कोण?

बुधवार, १२ तारीख

तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. बातमीवालीने पान फाडलं म्हणून कळलं. मला रात्र झालीच नाही. उन्हाचा पट्टा काल होता तिथेच आहे फरशीवर. भूक नाही. तहान नाही. डाव्या हातातली बादली सुटत नाही, बोटं उघडत नाहीत. उजव्या हाताने लिहिते, पुसणं काखेत.

कुठेतरी कुणीतरी नमुना चालू केला की मी निघते. थांबवता येत नाही. एक फेरी संपली की जरा वेळ —

— परत आले. जरा वेळ मिळतो. तेवढ्यात लिहायचं.

खिडकीजवळच्या टेबलावर फोन आहे. घरी लावला. ह्यांनी उचलला. मी काही बोलायच्या आत चिडले. म्हणाले, स्वयंपाकघरातून फोन कशाला करतेस, दोन पावलं चालत ये की. मी म्हटलं, मी ऑफिसात आहे. तर म्हणाले, चेष्टा पुरे. कालपासून नुसती दारापासून खिडकीपर्यंत हिंडतेयस, दहा वेळा थेंब मागितले, एकच वाक्य बोलतेस, सरकायला सांगतेस. मी कुठे सरकू? माझ्या डोळ्यात आग होतेय.

आणि त्यांच्या मागे, घरात, मला बादलीची कडी वाजलेली ऐकू आली. आणि माझा आवाज. एकदम खणखणीत.

मी म्हटलं, अहो, शेजारणीला हाक मारा, तिला थेंब टाकायला सांगा, आणि त्या बाईला जवळ येऊ देऊ नका. म्हणाले, कोणत्या बाईला? तू घरात असताना शेजारणीला काय सांगू? म्हणू काय, बायकोला वेड लागलं? मी म्हटलं, पट्टी आहे म्हणून तुम्हाला दिसत नाही, ती मी —

आणि इथे कुणीतरी नमुना चालू केला. फोन हातातून गेला. बारा पावलं. वळले. ते वाक्य. बारा पावलं. परत येईपर्यंत फोन बंद.

गुरुवार, १३ तारीख

फेऱ्या वाढल्यात. लोक एकमेकांना पाठवतात. गंमत म्हणून. न जाणारी बाई.

परत फोन लावला. तिने उचलला. तिला त्या वाक्याशिवाय काही येत नाही. मी शिव्या दिल्या, रडले, विनवण्या केल्या. तिने तेच म्हटलं. मागे हे कण्हत होते. हाक मारत होते मला. आणि ती म्हणते सरका.

चष्मेवाला आणि बातमीवाली समजतात मी ह्यांच्या डोळ्यापायी रजेवर आहे. म्हणून शोधतही नाहीत.

— कोपऱ्यातल्या संगणकावर तक्रारीचा तक्ता उघडा होता. एका बोटाने तिकीट लिहिलं. मध्ये तीन फेऱ्या. लिहिलं, मी नमुन्यातली बाई, मला बाहेर जाता येत नाही, नवऱ्याचा डोळा जाईल, बटण ठेवा. नावाच्या जागी लिहिलं, सफाईवाली.

ते चष्मेवाल्याच्या पडद्यावर गेलेलं मी बघितलं. पाच हातांवर बसलाय. त्याने वाचलं. खो खो हसला. बातमीवालीला म्हणाला, कुणी हुशार निघालाय, मावशींच्या नावाने तिकीट टाकलंय. मी त्याच्या कानाशी उभी राहून ओरडत होते. त्याने टाइप केलं. एकेक अक्षर उमटताना बघितलं.

असंच अपेक्षित आहे. तिकीट बंद.

गुरुवार, अजून

— बातमीवालीला दया आली. म्हणाली, किती लोक वैतागलेत, काहीतरी कर. तो म्हणाला, बटण ठेवत बसायला वेळ नाही. उद्या शुक्रवारी पाच वाजता नवा नमुना लावतो, जुना परत आणता येत नाही, पण जिथे जिथे उघडेल तिथे आपोआप बदलेल. बाईच काढून टाकतो. तिच्या जागी चेंडू.

बाईच काढून —

परत आले. घाईत लिहितेय, अक्षर गिचमिड आहे. वाचा तरी.

काढून टाकायची म्हणजे कुठे टाकायची? ती घरातली नाहीशी होईल आणि मी जिना उतरेन? की मी इथली पुसली जाईन आणि ती तिथेच — ह्यांच्याजवळ — शनिवारी डॉक्टर पट्टी काढतील, थेंबांवाचून डोळा वाचलाच तर समोर तीच, आणि हे तिला अगं म्हणून हाक —

— परत आले तर कॅलेंडरचं पान फाडलेलं, म्हणजे शुक्रवार, घड्याळात पाच वाजत आलेत. दुसरं तिकीट टाकलंय. तेच इथे उतरवते. मशीनवाले, नमुनेवाले, तुम्ही अकराशे जण, आज हसताय ते. मला बटण नको. चेंडूचं काय करायचं ते करा. मला एवढंच सांगा. त्या फाईलमध्ये फोटो माझे आहेत, आवाज माझा आहे, मग खरी कोण हे यंत्राला कसं कळणार? उत्तर लेखी पाहिजे. बघतोय चालणार नाही. ते तिसरंही चालणार नाही. शुक्रवारी पाचच्या आत, पाच वाजून एक मिनिट नाही, मला सांगा की तुम्ही काढून टाकणार ती बाई कोणती, ती की म