चिंचेनं घासलेली इंजिनं

मुलुंड,
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय नीला,

बोरिवलीला सुखरूप पोचलात ना? सासऱ्यानं सुनेला पत्र लिहायचं म्हणजे पेन अडखळतं बघ, त्यात माझी शाळा चौथीपर्यंतची. सांभाळून घे.

काल इंजिनांचं कपाट पुसलं. रेल्वेच्या वर्कशॉपात जन्मभर खऱ्या वाफेच्या इंजिनांखाली सरपटलो, म्हणून ही वीतवीतभर पितळी इंजिनं जमवायचा नाद. पहिलं एका ड्रायव्हरनं ऑस्ट्रेलियाला जाताना दिलं, बाकीची तीन चोरबाजारात शुक्रवारमागून शुक्रवार घालवून मिळवली. काळा रंग, त्यावर नंबर इतके बारीक की वाचायला भिंग लागायचं.

आणि तुझी या घरातली पहिली दिवाळी. समई, घंगाळ, पातेल्यांबरोबर तू चारही इंजिनं चिंच आणि नारळाच्या शेंडीनं घासलीस. रंग गेला, नंबर गेले, बारीक दांड्या वाकल्या. तू ती कौतुकानं पाटावर वाळत मांडली होतीस. मी पाहुण्यांदेखत ओरडलो, आईनं काही शिकवलंय की नाही? तू मान खाली घातलीस. तेव्हापासून तू घरात 'चिंचाबाई' झालीस. परवा रविवारी तुझ्या नणंदेच्या, क्षमाच्या साखरपुड्यातही तुझा नवरा असून श्यामनं नव्या व्याह्यांना तो किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. तूही हसलीस, आणि हसता हसता एकदाच माझ्याकडे बघितलंस. मी पानाला चुना लावत बसलो.

नीला, तू मला विचारलं होतंस गं. घरातलं सगळं पितळ आज लखलखलं पाहिजे, असं मीच फर्मान सोडलं होतं. तू दारातून म्हणालीस, अण्णा, कपाटातली इंजिनंसुद्धा? पेपरातून डोकं न काढता मी म्हटलं, हो गं बाई, सगळं म्हणजे सगळं. ओरडता ओरडताच मला ते आठवलं होतं. पण चार लोकांत शब्द मागे घ्यायला जीभ वळेना. तू कुणाला बोलली नाहीस, आणि मी तीन वर्षं तुझ्या गप्प राहण्याचा आडोसा घेतला. इंजिनांचं वाईट आजही वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या बघण्यानंतर मला जेवण गेलेलं नाही. तुझ्या सासूबाईंना सकाळी सगळं सांगितलं. त्या माझ्याशी बोलत नाहीत, बरोबरच आहे. येत्या रविवारी व्याह्यांकडे जाऊन मी स्वतः सांगणार आहे. श्यामला मात्र हे पत्र तू वाचून दाखव. मोठ्यानं वाच, मधलं काही गाळू नकोस. माझी लाज आता आणखी राखू नकोस, पोरी.

तुझाच,
अण्णा