कातरीला कुलूप

तीर्थरूप वन्संना,

तुमच्या भावजयीचा नमस्कार. दोन्ही हात जोडून केलाय, तेव्हा हातात कातर, सुई, टाचणी यातलं काहीही नाही, हे तुम्हाला तिकडूनही दिसावं. हल्ली मला हे आधीच सांगून टाकावं लागतं.

तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हटलं तरी तुम्ही चढणारच, पण निदान हातात बादली घेऊन चढू नका. भावजींचं ऐकायचं यंत्र सापडलं का? (नसेल तर ते त्यांना सापडायला नको असेल, असं माझं मत. कळवू नका.) इकडे आम्ही दोघं ठीक. फोनच करणार होते, पण आमच्या भिंती अशा की मी खोकले तर शेजारीण तिकडे खिडकी लावून घेते. शिवाय हे प्रकरण असं की मध्ये कुणी ‘हॅलो, हॅलो’ केलं की धागा तुटतो. म्हणून पत्र. चष्मा लावून, बसून वाचा.

आमची शिवणखोली तुम्ही पाहिलीच आहे. इस्पितळाच्या तळघरात, वर पाण्याचे पाइप, खाली आम्ही चौघं: खोलीप्रमुख बाई, काजं करणारी, इस्त्रीवाले काका आणि मी. वरच्या चारशे खाटांवरच्या फाटक्या चादरी खाली येतात, शस्त्रक्रियेच्या झग्यांच्या तुटलेल्या नाड्या येतात, डॉक्टरांचे पेनांनी भोकं पाडलेले खिसे येतात. बावीस वर्षं मी हेच करतेय. माझी कातर दहा इंची, लोखंडी, अंगठ्याच्या कडीला फलाटीण गुंडाळलेली. त्या कातरीने मी आजवर कापडाशिवाय फक्त एकदा आपलंच नख कापलंय, तेही चुकून.

तर मागे कुठेतरी एका माणसाने भांडणात दुसऱ्याच्या डोक्यात खुर्ची घातली. त्याच्या खिशात उदासपणावरच्या गोळ्यांची पट्टी सापडली. पोटात दारूही सापडली होती म्हणे, पण ती खिशात नव्हती, म्हणून तिची बातमी झाली नाही. गोळ्यांची झाली. आठवडाभर सगळे त्यावर बोलले आणि मग सरकारने नियम काढला की, ह्या गोळ्या घेणाऱ्याचं नाव नोंदवहीत चढवायचं, आणि तो माणूस धारदार वस्तूंचं काम करत असेल तर त्याच्या कामाच्या ठिकाणी कळवायचं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, की हो, ह्या गोळ्यांनी माणूस खरंच हात उगारतो का? ते म्हणाले, त्यावर अजून वाद चालू आहेत, कुणी हो म्हणतं, कुणी नाही. काही जणांवर, विशेषतः लहान वयाच्यांवर, सुरुवातीला लक्ष ठेवावं लागतं. पण लक्ष डॉक्टरांनी ठेवायचं आणि घरच्यांनी, नोंदवहीने नव्हे. हे वाक्य त्यांनी सरकारला ऐकवायला हवं होतं. मला ऐकवलं.

मग आला औषधांच्या दुकानातला तो दिवस. मी कागद दिला, ओळखपत्र दिलं, त्या पोरसवद्या केमिस्टने काहीतरी दाबलं आणि त्याच्या संगणकाने ‘टुंग’ केलं. त्याने मान वर केली आणि (वन्सं, देवाने काही लोकांना गळा देताना तो बाजारासाठी देऊन मग दुकानात बसवलेलं असतं) विचारलं, “काकू, ही उदासीवरचीच ना? नोंद करावी लागते. काम काय करता?”

“शिवणकाम.”

“म्हणजे कातर आली!”

माझ्यामागची रांग एक पाऊल मागे सरकली. आजवर मी कितीदा ‘जरा मागे सरका’ म्हणून घसा कोरडा केला असेल, कुणी हललं नव्हतं. आणि रांगेत तिसरे कोण, तर खोकल्याचं औषध न्यायला आलेले आमचे इस्त्रीवाले काका! मी त्यांच्याकडे बघून हसले. तेही हसले, पण खोकला विसरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी तळघरात पाऊल टाकलं आणि बोलणं बंद झालं. काजं करणारी नऊ वर्षं पंखा स्वतःकडे वळवून बसते. त्यावरून मी नऊ वर्षं बोलतेय. तिने उठून पंखा माझ्याकडे वळवला, आणि वर विचारलं, “वारा जास्त तर होत नाही ना?” चहा पहिला मला आला. मी एकदा शिंकले तर दोघं उभे राहिले. सुरुवातीला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दोन दिवसांनी रडू यायला लागलं. पण रडायचीही चोरी, कारण रडले असते तर तीही नोंद झाली असती.

त्याच आठवड्यात इस्पितळाला सरकारचं पत्र आलं. माझी कातर खोलीप्रमुख बाईंच्या कपाटात कुलपात गेली. लागेल तेव्हा अर्ज भरायचा, कशासाठी हवी ते लिहायचं, आणि कापून होईपर्यंत दरवानाने शेजारी उभं राहायचं. आता आमचा दरवान तुम्हाला आठवतो का? सत्तरीला टेकलेला, वाऱ्याने दार आपटलं तरी दचकणारा. मी उद्या खरंच कुणावर धावून गेले, तर आधी त्यालाच खुर्ची आणून द्यावी लागेल. तो बिचारा हातात वही घेऊन उभा. एका चादरीला मला चार वेळा कातर लागते, म्हणजे चार अर्ज. दोन दिवसांत माझ्यापुढे चादरींचा ढीग छातीपर्यंत आला.

शेवटी मी वैतागले आणि आपल्या जुन्या पद्धतीने काम सुरू केलं. दाताने कडेला चीर द्यायची आणि कापड दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं. कापड सुताला सूत फाटतं, कातरीपेक्षा सरळ. हे शिवणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे. पण पहिल्या ‘टर्र’ला काजं करणारी किंचाळली. दुसऱ्याला काकांनी इस्त्री तशीच ठेवली आणि एका मोठ्या डॉक्टरांच्या कोटाच्या पाठीवर तिचा ठसा उमटला. दरवानाने वहीत लिहिलं: ‘चादर दातांनी व हातांनी फाडली. चेहरा शांत होता.’ चेहरा शांत होता! वन्सं, चेहरा रागीट असता तर काय लिहिलं असतं, ह्याचा विचार करून मला आधीच राग आलाय.

आणि हे इस्त्रीवाले काका कोण? तर ज्यांनी गेल्या वर्षी कोळशाचा चिमटा भिंतीवर फेकला, त्याआधी स्टूल मोडलं, आणि ज्यांच्यासमोर आम्ही ‘सुरकुती’ हा शब्द उच्चारत नाही, ते. पण ते खोकल्याशिवाय कशाचंही औषध घेत नाहीत. म्हणजे ते स्वच्छ. त्यांच्या हातातली ती तापलेली आठ किलोंची इस्त्री सरकारच्या हिशेबी धारदार नाही.

मग नोंद-निरीक्षक आले. माझ्याच कापायच्या टेबलावर फाइल पसरून बसले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यापाशी छापील प्रश्न होते आणि तो त्यांच्याबाहेर जाऊ शकत नव्हता.

“गेल्या सहा महिन्यांत कुणाला मारावंसं वाटलं का?”

“साहेब, खरं सांगू की लिहिण्याजोगं?”

“लिहिण्याजोगं.”

“नाही.”

“राग आला की काय करता?”

“उसवते. जुनं उसवायला घेते, तासाभरात राग जातो.”

त्यांनी ‘उसवते’ लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. ती रेघ मला आवडली नाही. मग म्हणाले, गोळी कशासाठी, कधीपासून, दुःख काय, ते सविस्तर सांगा आणि खाली सही करा. मी म्हटलं, ते डॉक्टरांकडे सांगून झालंय. ते म्हणाले, सरकारलाही कळायला हवं. मी म्हटलं, “सरकार रात्री उशाशी बसायला येणार आहे का? येणार असेल तर सांगते.” हा प्रश्न त्यांच्या छापील कागदात नव्हता.

आणि तेवढ्यात मला ती यादी दिसली. त्यांच्या बाजूने सुलटी, माझ्या बाजूने उलटी. पण इस्पितळाचं नाव विणलेल्या चादरी बावीस वर्षं उलट्या बाजूने शिवतेय मी, मला उलटी अक्षरं आधी दिसतात. माझ्या नावाच्या वर दोन नावं सोडून आमच्याच तळघरातलं एक नाव होतं. कुणाचं ते तुम्हालाही सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्या दिवसापासून कुलपाच्या किल्लीकडे बघायलाही माझ्या जिवावर येतं. मी फाइलवर एक उशीची खोळ टाकली आणि म्हटलं, “साहेब, ही झाकून ठेवत जा. मला वाचता येतं.” ते लाल झाले. फाइल बंद केली. पण नियम तोच राहिला: सविस्तर लिहून सही होईपर्यंत घड्यांच्या टेबलावर, आणि पंधरा दिवसांत सही झाली नाही तर धारदार काम कायमचं बंद.

मी सही केली नाही. तेव्हा सध्या मी उशांच्या खोळींच्या घड्या घालते. दिवसाला सहाशे. माझ्या मशीनवर काजं करणारी बसते आणि तिची शिवण सापासारखी जाते. मी बघते आणि घडी घालते. काल खोलीप्रमुख बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. एक खोळ उचलली आणि माझ्याबरोबर घडी घालायला लागल्या. आम्ही दोघींनी मिळून शंभर घातल्या असतील. पंधरांतले नऊ दिवस गेले. बाकी सगळं ठीक. पत्र लांबलं. गुडघ्याला जपा.

तुमची,
(सध्या सरकारी नोंदीप्रमाणे संभाव्य हल्लेखोर) भावजय

ता. क. तुम्ही आता काळजीत पडाल, की हिला उदासी कधीपासून, आणि आम्हाला कसं कळलं नाही. वन्सं, गोळ्या माझ्या नाहीत. नियमात ‘घेणारा’ असं लिहिलंय. घेणारा म्हणजे दुकानातून घेणारा की पोटात घेणारा, हे ठरवायला सरकारला वेळ मिळाला नसावा. ओळखपत्र माझं, म्हणून नाव माझं. गोळ्या तुमच्या भावाच्या आहेत.

ता. ता. क. शाळा सुटल्यापासून, म्हणजे निवृत्त झाल्यापासून, आठ महिने हे खिडकीशी बसून असतात. पत्रात वर ‘आम्ही दोघं ठीक’ लिहिलंय ते सवयीने. डॉक्टरांकडे नेताना मला किती दिवस लागले ते मलाच माहीत. “ज्याच्या शिट्टीवर बाराशे पोरं ताठ उभी राहायची, त्याने आता गोळीवर उभं राहायचं?” असं म्हणाले. कुणाला कळलं तर गोळ्या बंद करीन, असंही म्हणाले. आणि गोळ्यांनी, वन्सं, फरक पडतोय. परवा आपणहून दाढी केली. निरीक्षकांना मी एका वाक्यात सांगून सुटले असते, पण ते वाक्य माझं नव्हे. कातर कुलपात आहे हेही मी घरी सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन तशीच निघते.

म्हणून खरं मागणं असं: सहा दिवसांच्या आत आठवडाभर राहायला या. गुडघ्याचं निमित्त काढा. तुम्ही त्यांना कडेवर वाढवलंय, तुम्ही ‘चल’ म्हटलं की ते अजून चपला शोधतात. एकदा त्यांना स्वतःच्या पायाने त्या दुकानात जाऊ द्या, स्वतःचं ओळखपत्र देऊ द्या, म्हणजे नोंद त्यांच्या नावावर जाईल आणि माझी कातर सुटेल. त्यांच्या हातात आता टीव्हीच्या रिमोटशिवाय काही नसतं, त्यांना कोण पत्र पाठवणार? (त्यांचं गुपित मी तुम्हाला सांगितलं, म्हणजे मीही त्या केमिस्टच्या पंक्तीला बसले, हे मला कळतं. पण तुमच्यामागे रांग नाही.)

अगदी शेवटचं. आत्ता हे खोलीत आले आणि विचारलं, एवढं काय लिहितेस? मी घाबरून म्हटलं, वन्संच्या नव्या गाऊनचं माप मागवतेय. चार पानांकडे बघून म्हणाले, “एवढं मोठं झालंय का तिचं माप?” आणि हसले. वन्सं, आठ महिन्यांनी हसले. तुमच्या अंगावरून हसले, पण हसले. राग मानू नका, आणि येताना माप खरंच घेऊन या.