बाबांच्या नळावरच्या पाट्या

शुक्र., २७ सप्टेंबर १९९६
सासऱ्यांना नळ शिकवले. भुसावळहून येऊन आठवडा झाला, तरी बाबा अंघोळीच्या वेळी रोज कुठला नळ ते विचारत होते. इथे आखातातल्या उन्हात निळ्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पोळणारं पाणी येतं. गार हवं तर गीझर बंद ठेवून त्यात निवलेलं, लाल नळाचं घ्यायचं. "उलटा देश आहे तुमचा." शेवटी त्यांच्या बाथरूममध्ये चिठ्ठ्या लावल्या, मोठ्या अक्षरात, वरून चिकटपट्टी. निळ्यावर 'गरम', लालवर 'गार'. खूश झाले. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये जन्म गेलेला माणूस. म्हणाले, "पाटी लागली, आता प्रश्न नाही."

मंगळ., १५ ऑक्टोबर
दिलीपने आज वडिलांपुढे विषय काढलाच. बाबांचा व्हिसा डिसेंबरअखेर संपतो, वाढवून घेऊ का? गेल्या हिवाळ्यात ते भुसावळला एकटे असताना न्यूमोनिया झाला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, आम्हाला कळलं ते बरे झाल्यावर. तेव्हापासून दि. फोन वाजला की दचकतो.
बाबा म्हणाले, "इथली एक थंडी बघतो. झेपली तर राहतो. नाही झेपली तर मला गाडीत बसवायचं, रडारड नाही." गाडी म्हणजे विमान.
तर या वर्षी घर नीट गरम ठेवायचं. ते माझ्याकडे. दि. अस्करच्या कारखान्यात भट्टीजवळ काम करतो, त्याला थंडी कळतच नाही.

शुक्र., ८ नोव्हेंबर
तयारी. माळ्यावरून ऑइल हीटर काढला, पुसला, लावून बघितला. घरभर जळक्या धुळीचा वास. पिंकी : "मम्मा, स्मेल्स लाइक टोस्ट!" बाबांच्या खोलीतला विंडो एसी बाहेरून प्लॅस्टिकने बांधून घेतला, फटींत स्पंज. बिल्डिंगचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, हवा को वीजा नहीं लगता, किधर से भी आयेगा." फरशीवर गालिचा. दोन्ही बाथरूमचे गीझर चालू केले. पिंकीला बजावलं, लाल नळ आता भाजेल, जपून. मग ऑफिसला धावत. पेपरचं आतलं पान आठच्या आत छपाईला सोडायचं होतं.

शनि., २३ नोव्हेंबर
शमाल सुटलाय. उत्तरेचा वारा, आमच्या झिंजच्या सगळ्या गल्ल्यांत शिरतो. बाबा स्वेटर, मफलर, कानटोपी. "भुसावळची थंडी बरी. निदान उन्हात बसता येतं. इथे बसायला अंगण कुठंय?" मी हीटर त्यांच्याकडे सरकवते, ते पिंकीकडे सरकवतात. पिंकी वैतागून : "आजोबा, आय ॲम स्वेटिंग!"
खोकला नाही अजून.

रवि., १ डिसेंबर
खोकला. सकाळी अंघोळ करून येतात ते कापतच. खोली ऊबदार आहे, मी स्वतः बसून बघितलं. मग गारठा येतो कुठून? एसीच्या फटी पुन्हा बुजवल्या. दाराखाली चादरीची गुंडाळी. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे, पण वय बघता जपा.
जेवताना बाबांनी शांतपणे विचारलं, "तिकिटाचं किती दिवस आधी सांगावं लागतं रे?" दि. अर्धी भाकरी टाकून उठला.
मागचं आवरताना मी म्हटलं, "बाबा, काही कमी पडतंय का?"
"नाही पोरी. घर गरम आहे. मीच गार पडत चाललोय."
 भांडी घासायला घेतली.

शुक्र., ६ डिसेंबर
महापरिनिर्वाण दिन. जुफैरला एकांच्या घरी वंदना, सगळे पांढऱ्या कपड्यांत नऊला पोचायचे. पिंकी आमच्या बाथरूममधून निघेना, म्हणून दि. बाबांच्या बाथरूममध्ये घुसला. बादली भरलेलीच होती. तांब्या अंगावर घेतला आणि असा ओरडला की मी निऱ्या हातात धरून धावले.
"बाबा, हे कसलं पाणी?"
"माझं. गरम काढून ठेवलंय."
"हे गरम?"
"पाटी बघ."
पाटी बघितली. निळ्यावर 'गरम', माझ्याच सुवाच्य अक्षरात. सप्टेंबरची. गीझर लावला, पिंकीला सांगितलं, आणि चिठ्ठ्या तशाच! म्हणजे इतके दिवस हा माणूस पहाटे टाकीच्या गारढोण पाण्याने...
"अहो बाबा, बोलायचं तरी!"
"मला वाटलं, उन्हात दम राहिला नाही. त्याला तुम्ही काय करणार?"
"लाल उघडून बघायचा ना एकदा!"
"त्यावर गार लिहिलंय. आणखी गार कशाला घेऊ?"
आणि मी रोज ऑफिसात बसून लोकांच्या मजकुरातल्या चुका काढते.
दि. हसायला लागला. हसता हसता तसाच टॉवेलवर बाबांना बिलगला. "ओला आहेस रे, माझा सदरा..." सदरा बदलावा लागला. वंदनेला उशीर. बाबांनी तिथे कुणाला काही सांगितलं नाही. दि.ने सगळ्यांना सांगितलं.

रवि., ८ डिसेंबर
बाबा अंघोळीला गेले की बाहेर येत नाहीत. आतून गुणगुणणं. बाहेर येतात ते लालबुंद, कानटोपी नाही. खोकला आहेच, कमी झालाय की मलाच तसं वाटतंय? दि.ने व्हिसा वाढवायचा फॉर्म आणून टीव्हीवर ठेवला. बाबांनी बघितला, त्यावर आपला चष्मा ठेवला.  दि.नेही चष्मा तसाच राहू दिला. बापलेक सारखेच.

शुक्र., १३ डिसेंबर
चिठ्ठ्या बदलल्या. म्हणजे लिहिल्या मी, लावल्या बाबांनी. आधी दोन्ही नळ सोडून हात धरून बघितले, मगच चिकटपट्टी कापली.
"उन्हाळ्यात हे परत उलटं होणार ना?"
"हो. मेमध्ये गीझर बंद करतो."
"मग त्या दिवशी मला आधी सांगायचं. पाट्या मी बदलीन. तुझ्यावर सोडायची नाही ही ड्युटी."
दि. पेपर वाचत होता. पेपर खाली आला. "म्हणजे राहताय?"
"मी पाट्यांबद्दल बोललो."
फॉर्म कोराच आहे, चष्म्याखाली. चिकटपट्टीचं रीळ मात्र बाबा आपल्या खोलीत घेऊन गेले.