ठळक, तिरका आणि सासऱ्यांच्या ट्रकवर

३ मार्च
टाइपफेस, म्हणजे माझं स्वतःचं अक्षरवळण, पूर्ण. नाव 'झेप'. बोल्ड, इटॅलिक, सेरिफ. बोल्ड म्हणजे आवाज खणखणीत. इटॅलिक म्हणजे पुढे झुकलेलं, घाईत. सेरिफ म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोटे पाय, घाईतही पडायचं नाही. बायको म्हणाली, तुमच्यासारखाच आहे, जाड आणि एका जागी सरळ उभा न राहणारा. कौतुक करायची तिची ही पद्धत.

५ मार्च
सासऱ्यांच्या मालवाहतूक कंपनीचा मोठा ट्रक नव्याने रंगवायचाय. काम मला! लग्न झाल्यापासून त्यांनी मला एकदाही 'जावईबापू' म्हटलेलं नाही. 'आमच्या मुलीचा तो' म्हणतात. ट्रकला मात्र 'राजा' म्हणतात. मनाला लागतं. 'झेप' बघून म्हणतील. म्हणावंच लागेल.

८ मार्च
नमुना दाखवला. सासरे मान वाकडी करून बराच वेळ बघत होते. भारावलेला माणूस मान वाकडी करतोच. सरळ अक्षरं मिळत नाहीत का, म्हणाले. मी म्हणालो, ट्रक धावणार आणि अक्षरं काय उभी राहणार? चष्मा काढून पुसायला लागले. पटलं.

११ मार्च
अक्षरं एकमेकांना घट्ट चिकटवली. सुटी अक्षरं सुस्त दिसतात. बायको म्हणाली, त्यांना श्वास घ्यायला जागा ठेवा, आणि कुणाकडून तरी वाचून घ्या. मी? वाचून घेऊ? आई स्वतःच्या पोराला ओळखपत्र मागते का?

१५ मार्च, सकाळ
ट्रक तयार. दोन्ही बाजूंना, पुरुषभर उंच: 'तुमचा माल वेळेवर रवाना!' डोळ्यांत पाणी आलं.
ट्रक चालवणाऱ्या मेहुण्याची नेहमीची खुसपटं. उजवीकडून ठीक, पण डावीकडून अक्षरं मागे झुकतात, ट्रक रिव्हर्समध्ये वाटतो म्हणे. मग डावीकडे माणसं दिसली की रिव्हर्समध्येच चालव, म्हटलं. नवा विचार त्याला झेपत नाही.

१५ मार्च, संध्याकाळ
एक गिऱ्हाईक पाठवायला दिलेली आपली कपाटं परत न्यायला आलं. माल खाता ते खाता, वर ट्रकवर लिहिता, असं ओरडत होतं. जाऊन पाहिलं. 'र' इतक्या जोमाने 'व'वर झुकलाय की दोघांचा मिळून 'ख' झालाय. तुमचा माल वेळेवर खाना!
दोष अक्षरांचा नाही. लोक सावकाश वाचत नाहीत.

१६ मार्च
आणखी गिऱ्हाइकं. गोदाम निम्मं रिकामं. आयुष्यात कुणाचा खिळा इकडचा तिकडे न केलेले सासरे खुर्चीत नुसते बसून होते. लगेच उपाय केला. खाली 'आम्ही खात नाही' अशी ओळ टाकली. 'झेप'मध्येच.
मेहुण्याने ती 'आम्ही रवात नाही' अशी वाचली. मुद्दाम.

१७ मार्च
सासऱ्यांनी स्वतः ब्रश घेतला आणि राजाला दोन्ही बाजूंनी पांढराफटक केला. मी शिडी धरली. कामात हातभार लावला की माणसं जवळ येतात.
उतरल्यावर त्यांनी हात पुसले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले! सगळ्या गोदामासमोर म्हणाले, जावईबापू!
पुढे म्हणाले, आता तुम्ही रवाना व्हा.
उच्चार अगदी स्वच्छ होता. 'र' आणि 'व'च्या मध्ये भरपूर जागा सोडून.