पंपाचा ठोका

३ जून
आजपासून चहा बंद. हात स्थिर हवा. माझा रोबो तिळाएवढासुद्धा नाही. रुग्णाच्या रक्तवाहिनीत सोडण्याआधी सराव म्हणून बाहेरून लोहचुंबकाने मी त्याला काचेच्या नळीत चालवतो. गुठळीपर्यंत जायचं, औषध सोडायचं, आल्या वाटेने परत. लोक उगाच बाऊ करतात.
ताईचा फोन. तिच्या मानेतल्या रक्तवाहिनीत गुठळी निघाली. त्यावर दोन मिनिटं आणि दवाखान्यातल्या खुर्च्यांवर पाऊण तास बोलली. डोकं उठलं.

५ जून
चहा घेतला. एकच. सवय हळूहळू सोडावी.
नळीत पाणी ढकलणाऱ्या पंपाला हृदयासारखा ठोका आहे. दर ठोक्याला रोबो भेलकांडतो. नियम असा, की ठोका आला की भिंतीला टेकून थांबायचं आणि तो ओसरला की सरकायचं. वैताग नुसता. ठोका बंद करून संथ धार ठेवली. गेला की मुकाट्याने! हात चांगला असला की काही अडत नाही.

११ जून
एकही फेरी चुकली नाही. सर्जनबाई खूश. ठोक्यासकट सराव झाला ना, असं त्यांनी विचारलं. झालाच म्हणा, म्हटलं. पहिल्या दिवशी केला होताच.
ताईला चिरफाड नको, रोबोच हवा. सख्ख्या बहिणीवर तुम्हीच कशाला, दुसरा कुणी चालवेल, असं बाई म्हणाल्या. ताईने ठणकावलं, चालवायचा तर आमच्या बाळ्यानेच. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१५ जून
ठोका लावून एकदा बघितलं. पहिल्याच वळणावर वाहून गेला आणि नळीच्या भलत्याच फांदीत अडकला. पंप जुना आहे. शिवाय तीन चहा झाले होते. उद्या नीट करू.

१६ जून
राहिलं. ताईकडे जेवायला गेलो. माझं कौतुक सांगून तिने सगळ्यांना पिडलं. निघताना मात्र दारापाशी हळूच विचारलं, तो आत हरवला तर काय रे? मी आहे ना, म्हटलं. तिचा हात गार पडला होता.

१८ जून, सकाळ
चहा घेतला नाही. हात एकदम स्थिर.

१८ जून, संध्याकाळ
सुरुवात उत्तम झाली. मग ठोका आला. भिंतीला टेकायचं सुचलंच नाही, सवय नव्हती. म्हणजे पडद्यावर चित्र जरा उशिरा येतं, हे कुणीच लक्षात घेत नाही. रोबो वाहत जाऊन मेंदूतल्या बारीक फांदीत बसला. बाईंनी बाहेर काढला, पण फार वेळ गेला. कुणीतरी हातात चहा दिला. नाही कसं म्हणणार?

२१ जून
ताई शुद्धीवर आहे. मला ओळखते. तोंड उघडते, थांबते, मिटते. वाचा परत येईलच असं नाही, असं बाई म्हणाल्या.
तिचं मनगट धरून बसलो. ठोका नीट लागत होता.
सरावात कधी चुकला होता का, असं भाऊजींनी विचारलं. नाही, म्हटलं. पंधरा तारखेचा दोष पंपाचा, तो मी यात धरत नाही. ताई माझ्याकडे बघत होती.
घरी येऊन फोन जवळ घेऊन बसलो. वाजला नाही. मला फार एकटं वाटतंय.
उद्यापासून चहा बंद. आणि सराव पंपाचा ठोका चालू ठेवून.